टेम्पो यायच्या आधी

“वैनी, वजन हाताला कळतं. आत काय हाय ते हाताला नाय कळत.”

२०१६ च्या जूनमध्ये आम्ही देवगडहून गुहागरला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा सामानाबरोबर आलेल्या मुकादमाने मला हे ऐकवलं. बाहेर पाऊस कोसळत होता. मी पडवीत उभी होते, हातात आईंची इरकली साडी होती आणि पदरापासून अर्ध्या साडीवर कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट लाल रस, पसरलं होतं. आगळाच्या दोन बाटल्या मीच पातेल्यांच्या खोक्यात खोचल्या होत्या. खोक्यावर काही लिहिलं नव्हतं. ते टेम्पोत आडवं झालं आणि साड्यांच्या ट्रंकेवर बसलं. मी त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. त्याने एवढं एकच वाक्य उत्तर दिलं आणि पुढचं खोकं आणायला गेला.

डाग कशानेच गेला नाही. सासूबाई त्यावरून मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून तो जास्तच लागला. पुढे दोन-तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले की माणसं निष्काळजी होती. मग हळूहळू पटत गेलं की त्या माणसाचं बरोबर होतं. बंद खोक्यात आगळ आहे हे त्याला कळणार तरी कसं?

२०२५ च्या १७ मेला, शनिवारी, आम्ही गुहागरहून रत्नागिरीला आलो. मी सरकारी दवाखान्यात औषधं देते, त्यामुळे बदली नवीन नाही. हे आमचं चौथं बिऱ्हाड. यावेळी मात्र मी ठरवलं होतं की टेम्पो दारात येईल तेव्हा माझं काम संपलेलं असेल आणि फक्त त्यांचं सुरू होईल. ते बऱ्याच अंशी जमलं, म्हणून सविस्तर लिहिते. येत्या मेमध्ये कुणाची तरी बदली असेलच.

आधी तारखेचं. कोकणात आपण मनाशी धरून चालतो की मृग लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनपर्यंत, हातात वेळ आहे. आमच्या ह्यांचंही तेच म्हणणं होतं, मेच्या शेवटी जाऊ, आंब्याची गडबड संपेल, टेम्पो स्वस्तात मिळेल. ते खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये बहुतेक गाड्या आंब्याच्या पेट्यांना लागलेल्या असतात आणि माणसंही. पण देवगडहून येतानाचा तो पाऊस माझ्या डोक्यात होता. मी हट्ट धरून १७ तारीख घेतली, चार पैसे जास्त गेले. नंतरचं सगळ्यांना आठवत असेल. २० तारखेनंतर पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि २५ मेला मान्सून देवगडपर्यंत येऊन ठेपला. गाद्या एकदा भिजल्या की पुढचे चार महिने त्या वाळत नाहीत, वास येतो तो येतोच.

टेम्पो ठरवताना मी दोघांना फोन केला. एकाने व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो मागवले आणि पाच मिनिटांत आकडा सांगितला, चौदा हजार. दुसऱ्याने फोटो बघून विचारलं, “गाडी दारात लागते का?” मी त्यालाच ठरवलं. त्याने साडेअठरा सांगितले होते.

त्याचा प्रश्न किती मोलाचा होता हे गुहागर पाहिलेल्याला लगेच कळेल. वरचापाटला, म्हणजे गावाच्या आमच्या भागात, एकच चिंचोळा रस्ता, त्याच्या एका अंगाला घरं आणि मागे समुद्रापर्यंत आगरं. रस्त्यात मोठी गाडी उभी केली तर एसटी अडकते. त्यात आमचं घर रस्त्यावर नव्हतं. बेड्यातून, म्हणजे आगराच्या आडव्या बांबूंच्या फाटकातून, आत शिरून पोफळींमधून दीडशे पावलं चालत यायचं, तेही जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायवाटेने. म्हणजे सामानाचा प्रत्येक डाग, प्रत्येक नग, माणसाच्या खांद्यावरून दीडशे पावलं जाणार. हे न सांगता भाव ठरवला असता तर त्या दिवशी भर उन्हात रस्त्यावर वाद झाला असता आणि त्यात माणसांचीही बाजू खरी असती. मी पायवाटेचा चालत व्हिडिओ काढून पाठवला. रत्नागिरीच्या इमारतीचाही पाठवला: जिना, लिफ्टचं दार, गाडी लावायची जागा. आणि हे सगळं लिहून घेतलं. पॅकिंगचं सामान कुणाचं, पलंग सोडणं-जोडणं धरलंय का, तिसऱ्या मजल्याचे वेगळे घेणार का, मोडतोड झाली तर काय. फोनवरचं बोलणं दोघंही आपापल्या सोयीने आठवतात.

माळा उतरवायला आम्ही एप्रिलच्या पहिल्या रविवारी घेतला. नऊ वर्षांत माळ्यावर काय काय जातं! खाऱ्या हवेने लोखंडाची चाळण झालेली बादली, सायकलचा सांगाडा, वाळवीने आतून पोखरलेला आणि वरून धडधाकट दिसणारा स्टूल. जे न्यायचं नाही ते टेम्पोच्या दिवसापर्यंत घरात ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. माणसं समोर दिसेल ते उचलतात, त्यांना तेच सांगितलेलं असतं. मागच्या वेळी भंगारात काढलेली शेगडी देवगडहून गुहागरला आली होती. यावेळी जातं शेजारच्या काकूंना दिलं, त्यांच्याकडे अजून कुळीथ घरी दळतात. पाटा-वरवंटा मात्र आईंनी सोडला नाही. “तो माझ्याबरोबर येईल,” एवढंच म्हणाल्या.

खोक्यांसाठी आम्ही एक पैसाही खर्च केला नाही. मे महिन्यात कोकणात आंब्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स कुणीही देतं. पुस्तकांना त्यासारखं दुसरं काही नाही. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. दोन डझनाच्या बॉक्सात दहा-बारा किलोच्या वर भरताच येत नाही. मी एक नियम केला होता: खोकं स्वतः उचलून घरापासून तुळशीवृंदावनापर्यंत न थांबता नेता आलं तरच त्याला सुतळी बांधायची, नाहीतर दोन करायची. लेक हसायची, पण तिनेही तसंच केलं. कपबश्या आणि काचेच्या बरण्या आंबे पिकवायच्या अढीच्या पेंढ्यात बसवल्या. पेंढा आधी एक दिवस कडकडीत उन्हात टाकला, नाहीतर त्यातली ओल आणि किडे नव्या घरी येतात.

पलंगाचं सांगते, कारण ते काम मला वाटलं त्याच्या दसपट निघालं. समुद्राजवळच्या घरात नऊ वर्षांत बोल्टाचा बोल्ट राहत नाही. पान्याला लावला की डोक्यावरून तपकिरी भुकटी गळायची आणि पाना फिरून यायचा. हे ऐन दिवशी निघालं असतं तर माणसांनी हातोडी घेतली असती, दुसरं काय करणार! मी चार दिवस आधी शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि आठही बोल्टांच्या फटीत थेंबथेंब सोडलं. रात्री सोडायचं, सकाळी थोडं हलवून बघायचं, परत सोडायचं. तिसऱ्या दिवशी पहिला बोल्ट करकरला. तो आवाज ऐकून लेक दुसऱ्या खोलीतून धावत आली. सात सुटले, एकाचं डोकं तुटलं, तो सुताराकडून काढून घेतला. प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना खडूने एकच अक्षर घातलं, क ला क, ख ला ख. बोल्ट, नट, वायसर एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच पायाला बांधली. वेगळ्या ठेवलेल्या पिशव्या हरवतात.

बाकीचं भराभर सांगते. फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच बंद केला, बर्फ वितळवून, पुसून, दार उघडं ठेवून कोरडा केला, आतल्या काचा काढून चादरीत गुंडाळल्या. तो उभाच न्यायचा हे मुकादमाला दोनदा सांगितलं. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. नव्या घरी पोचल्यावर लगेच चालू केला नाही, रात्रभर तसाच ठेवला. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं आहे, त्याच्या ड्रमला प्रवासात धरून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट असतात. ते घेतल्या दिवसापासून एका डब्यात होते म्हणून वाचलो. पाइपातलं पाणी आधी काढा, नाहीतर ते वाटेत गादीवर सांडतं. लोखंडी कपाट रिकामं केलं. पुष्कळ जण कपडे आत तसेच ठेवतात, आम्हीही ठेवायचो, पण भरलेलं कपाट तिरकं केलं की तळाचा पत्रा वाकतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

गॅस सिलिंडर टेम्पोत घालायचा नाही, रिकामा असला तरी. गाव बदलतं तेव्हा तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, अनामत परत मिळते, व्हाउचर मिळतं, ते नव्या गावच्या एजन्सीत द्यायचं. पासबुक आणि शेगडी आपल्याजवळ राहते. आम्ही तीन दिवस आधी जमा केला. तेवढे दिवस काकूंनी आमच्या घरी चूल पेटू दिली नाही, सकाळ-संध्याकाळ पान त्यांच्याकडेच.

कागदपत्रं, आईंची औषधं, दागिने, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं माझ्या खांद्याच्या पिशवीत. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणला पाणी भरलं, त्यानंतर आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत रेशनकार्डं, पासबुकं, दाखले दोरीवर वाळत घातलेले मी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून आमचे कागद प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात असतात. ही पिशवी मी त्या दिवशी चहा पितानाही खाली ठेवली नाही.

आता चिंध्यांविषयी. यावेळी मी केलेल्या कामांतलं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम तेच.

मागच्या वेळची शिकवण म्हणून खोक्यांवर मोठ्या अक्षरात लिहायचं हे ठरलेलंच होतं. मग टेम्पोवाल्याशी बोलताना कळलं की चार माणसांत एक चिपळूणकडचा मुकादम, बाकी तिघं बाहेरच्या राज्यांतले, मराठी वाचता न येणारे. “स्वयंपाकघर, काच आहे” असं मी कितीही सुवाच्य लिहिलं तरी ते मुकादमापुरतंच. म्हणून आईंच्या विरलेल्या सुती साड्या काढल्या आणि वीतभर लांबीच्या चिंध्या फाडल्या. हिरवी स्वयंपाकघराची, पिवळी आईंच्या खोलीची, निळी आमची, पांढरी बैठकीची. आणि लाल चिंधी म्हणजे आत काच, चिनी माती किंवा ओलं काहीतरी: वर काही ठेवायचं नाही, आडवं करायचं नाही. फाडायचं काम आईंनी केलं. साडीला दातांनी बारीकशी फट पाडायची आणि टर्रकन एका रेषेत फाडत न्यायची, कात्री लागत नाही. त्या गुडघेदुखीने माळ्याच्या कामात येऊ शकत नव्हत्या, म्हणून गप्प गप्प असायच्या. चिंध्यांच्या दोन दुपारी त्या पुन्हा घरच्या झाल्या. नव्या घरी त्याच रंगाची एकेक चिंधी प्रत्येक खोलीच्या कडीला बांधायची, की झालं. शिवाय एका वहीत खोक्यांचे नंबर आणि आत काय ते. एकूण ६३ डाग भरले.

लोणच्याच्या बरण्या आणि आगळ मात्र टेम्पोत गेलं नाही. तोंडाला फडकं, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर सुतळी, आणि गाडीत लेकीच्या पायाशी.

आदल्या संध्याकाळी आम्ही वाट तयार केली. हे कुणी सांगत नाही, पण माणसांना सगळ्यात जास्त त्रास वाटेचाच होतो. खांद्यावर कपाट असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. बेडं काढून गडग्याला टेकवलं. पडलेल्या झावळ्या उचलल्या. कपडे वाळत घालायची काथ्याची दोरी नेमकी मानेच्या उंचीवर होती, ती सोडली. मे महिन्यात आगरात रोज शिपणं, म्हणजे झाडांना पाणी घालणं, असतं आणि पाणी पायवाटेवरून वाहतं, चिऱ्यावर शेवाळ धरतं. मी घरमालक काकांना जाऊन विनंती केली की उद्या सकाळचं शिपणं संध्याकाळी कराल का. ते म्हणाले, “अगो, त्यात विचारायचं काय?” दोन निसरडे चिरे दिसले तिथे वाळू टाकली. आमच्या माजघराचं दार बुटकं आणि उंबरठा उंच, नऊ वर्षांत आमची कपाळंसुद्धा त्याला आपटली आहेत. चौकटीच्या वरच्या लाकडाला लाल चिंध्यांची झिरमिळीच बांधली.

माणसं साडेसहाला आली. आधी चहा-पोहे, मग काम. संडास कुठे आहे ते पहिल्यांदा दाखवलं. हे लिहायला संकोच वाटू नये असं मला वाटतं. दिवसभर राबणाऱ्या माणसाला लोक घरातला नळ दाखवतात आणि एवढं मात्र सांगत नाहीत, मग तो बिचारा गाडीच्या आडोशाला जातो. पडवीत पाण्याची कळशी, मिठाचं कोकम सरबत आणि चार पेले ठेवले होते. मुकादमाला घरभर फिरवून चिंध्यांचा अर्थ सांगितला, त्याने तो हिंदीत तिघांना सांगितला. त्यातला सर्वांत तरुण पोरगा, असेल वीस-एकवीसचा, प्रत्येक रंगाला हात लावून परत म्हणून दाखवत होता. “लाल, काँच. हरा, रसोई.”

त्यानंतर मी मध्ये पडले नाही. हे मला सगळ्यात कठीण गेलं. ‘जपून’, ‘हळू’, ‘अहो तिकडून’ असं सतत म्हणत राहिलं की त्यांचं लक्ष ओझ्यावरून आपल्यावर येतं. सांगायचं ते आधी सांगून झालं होतं. मी बेड्यापाशी वही घेऊन बसले आणि नंबरांवर खुणा करत राहिले. साडेदहाला गाडी भरली. ताडपत्री बांधण्याआधी उन्हात उलगडून बघायला लावली, दोन भोकं निघाली, त्यावर दुसरं प्लॅस्टिक घातलं.

आमचा विचार होता की टेम्पोनेही तवसाळ-जयगड फेरीबोटीने यावं, अंतर खूप वाचतं. मुकादम नको म्हणाला. ओहोटी होती, तेव्हा धक्क्याचा उतार वाढतो आणि भरलेली गाडी चढवता-उतरवताना सामान सरकतं. तो चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा हायवेने गेला. आम्ही चौघं गाडीने हेदवीवरून तवसाळला आलो आणि शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. आईंच्या मांडीवर देवांचा डबा होता, त्यांनी तो बोटीतही खाली ठेवला नाही. आम्ही टेम्पोच्या कितीतरी आधी पोचलो आणि ते फार बरं झालं. देव ठेवले, शेजारणीच्या गॅसवर दूध ऊतू घातलं, कड्यांना चिंध्या बांधल्या, फरशी पुसून कोरडी केली, लिफ्टपाशी जाऊन वॉचमनला भेटले.

उतरवायला अडीच तास लागले. कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही, जिन्याने आलं, आणि वळणावर भिंतीला घासून त्याचं हँडल वाकलं. पावतीवर सही करायच्या आधी मी ते तिच्यावर लिहिलं. मुकादमाने वाचलं, “बरोबर हाय” म्हणून खाली स्वतःचीही सही केली. भांडणाचा प्रश्नच आला नाही. फुटलं काहीच नाही. पलंग मी सगळ्यात आधी जोडून मागितला, तोही आईंचा. त्या दिवशीचं कुठलंही काम राहिलं तरी चालतं, पण म्हाताऱ्या माणसाला अंधार पडायच्या आत आपली गादी, आपली उशी आणि पाण्याचा आपला तांब्या मिळाला पाहिजे. क ला क, ख ला ख लावून पलंग वीस मिनिटांत उभा राहिला.

शेवटी टेम्पोत फक्त पाटा उरला होता. तळाला ठेवलेला, म्हणून शेवटी निघाला. त्या तरुण पोराने तो गोणपाटासकट खांद्यावर घेतला आणि वर आला. मी दारात उभी होते, सांगायला तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मान वाकडी करून गोणपाटाच्या गाठीतली हिरवी चिंधी पाहिली, मग एकेक कडी बघत गेला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून आईंना विचारलं, “दादी, कोने में?”

“खिडकीखाली ठेव रे बाळा,” आई पलंगावरून म्हणाल्या.